शिवारातून तेलाची पाइपलाइन जाणार म्हणतात, विहिरीच्या पाण्याची हमी कुणाकडं मागायची?

शिवारातली_सून (मोहोळ तालुका)
गावात एकच चर्चा, गुंठ्याला किती मिळणार. माझा जीव मात्र विहिरीत अडकलाय. आखणीच्या खुणा आमच्या बांधावरून ओढ्यात उतरतात, अन् विहीर ओढ्याकाठीच आहे.

मागं एकदा ऐन पावसाळ्यात हायवेच्या पुलाजवळ डिझेलचा टँकर उलटला. सगळं ओढ्यानं खाली आलं. शेंदलेल्या बादलीवर निळा-जांभळा तवंग, हौदाच्या कडेनं चिकट काळा पट्टा. म्हैस हौदात तोंड घालायची अन् फुरफुरून मागं सरायची. सासूबाईंनी विहीर उपसून घेतली, तरी नवीन पाझरलेल्या पाण्याला तोच वास. टँकरवाल्यांनी रस्ता धुतला अन् गेले. विहिरीचं कुणी विचारलं नाही.

एका टँकरनं हे झालं. नळीतून तर रात्रंदिवस तेल वाहणार. आमचा ओढा सीनेला मिळतो, सीना पुढं कुडलला भीमेला. मालक म्हणतात, सरकारी काम आहे, अडवून अडत नाही. मला अडवायचंच नाही. पण अर्ज कुणाकडं द्यायचा, अन् त्यात काय लिहायचं?

काळा_कोट
ताई, याला १९६२ चा पेट्रोलियम पाइपलाइनचा कायदा लागतो. सातबारा तुमच्याच नावावर राहतो, घेतात तो फक्त जमिनीच्या वापराचा हक्क. अधिसूचनेनंतर २१ दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याकडं, म्हणजे या कायद्याखाली सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडं, लेखी हरकत द्या, सुनावणी मागा अन् पोच घ्या. मुदत टळली की मग नुसती भरपाईवरच घासाघीस उरते. वापराच्या हक्काचे बाजारभावाच्या १० टक्के मिळतात, पिकाचं-झाडांचं नुकसान वेगळं. त्या पट्ट्यात पुढं विहीर, बांधकाम, झाड काही करता येत नाही, हे घरात सगळ्यांना आत्ताच सांगा. नळी निदान १ मीटर खोल हवी. आपल्याकडच्या काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा केवढ्या पडतात ते बघता मी जास्त खोली मागेन.

पाकणी_ते_लातूर
मी टँकर चालवतो, सोलापूरजवळ पाकणीच्या तेल डेपोत भरतो. ताई, नळीला सरसकट विरोध करू नका. २० हजार लिटर पाठीवर घेऊन रात्री हायवेला उसाच्या ट्रॉल्या चुकवणं काय असतं ते आम्हाला माहिती. उलटला की लोक कॅन घेऊन पळत येतात, त्याची जास्त भीती. पाकिस्तानात बहावलपूरकडं २०१७ ला असंच सांडलेलं पेट्रोल भरायला गर्दी झाली अन् २०० च्या वर माणसं जळाली. कुठं टँकर उलटलेला दिसला तर पोरांना घरात कोंडा, पण जाऊ देऊ नका.

फरक एवढाच, टँकर फुटला तर आत आहे तेवढंच सांडतं. नळी फुटली तर व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत येत राहतं. ओढ्याच्या दोन्ही अंगाला व्हॉल्व्ह आहे का, हे लेखी विचारा.

भीमाकाठ
दादांचं बरोबर. अमेरिकेत मिशिगनमध्ये जुलै २०१० ला कच्च्या तेलाची नळी फुटली. अलार्म वाजत होते, तरी नियंत्रण कक्षातल्यांनी पंप पुन्हा सुरू केले. वास येतोय म्हणून लोकांचे फोन पहिल्याच संध्याकाळी गेले होते. फुटल्याचं कळायला १७ तास लागले, तेही बाहेरच्या माणसानं कळवल्यावर. ३० लाख लिटरच्या वर तेल ओढ्यातून कालामाझू नदीत गेलं. म्हणून वास आल्यावर गावानं कुणाला फोन करायचा अन् तो फोन उचलणाऱ्याला पंप थांबवायचा अधिकार आहे का, हे हरकतीत आधी लिहा.

शिवारातली_सून
हे कुणी सांगितलंच नव्हतं. ओढ्याकाठच्या सगळ्या विहिरीवाल्यांना उद्या आमच्या ओट्यावर बोलावते. प्रत्येकाची हरकत वेगळी, गट नंबर घालून. व्हॉल्व्ह, फोन अन् खोली तर लिहूच. शिवाय काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक विहिरीचं पाणी तपासून अहवाल आमच्या हातात द्यावा, हेही घालते. नाहीतर पुढं वास आला की म्हणतील, पाणी आधीपासूनच तसं होतं.

काळा_कोट
तपासणीचा मुद्दा सगळ्यात वर घ्या. मसुदा इथं टाका, बघून देतो.