रिमेक पाहण्याजोगा केव्हा ठरतो? मूळ चित्रपट आणि रिमेक यांच्या जोड्या सुचवाव्यात

फोंडेकर (प्रश्न)

फोंड्यात आम्ही काही मंडळी महिन्यातून एकदा एकत्र बसून चित्रपट पाहतो आणि नंतर त्यावर चर्चा करतो. या पावसाळ्यात मूळ चित्रपट आणि त्याचा रिमेक अशा जोड्या दाखवाव्यात, अशी सूचना आली आणि त्यावरून आमच्यात बराच मतभेद झाला. ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की, मूळ कलाकृती उपलब्ध असताना तीच कथा दुसऱ्या नटांकडून वदवून घेणे हा निव्वळ व्यापार आहे आणि त्यावर संध्याकाळ खर्च करू नये. तरुण सदस्यांनी उत्सवी नाटकांचा दाखला दिला. आपल्या गावांत देवळाच्या उत्सवात ‘संगीत सौभद्र’ वर्षानुवर्षे होते, आधीचा अर्जुन पाहिलेले प्रेक्षक नवा अर्जुनही आवडीने पाहतात, मग चित्रपटालाच वेगळा न्याय का, असा त्यांचा प्रश्न होता.

मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. 1882 सालचे ‘सौभद्र’ आपल्यापर्यंत संहिता आणि पदे यांच्या रूपाने आले आहे. प्रयोग संपला की तो उरत नाही, म्हणून तो पुन्हा उभा करावाच लागतो. चित्रपटाचे तसे नाही, तो होता तसाच राहतो. त्यामुळे तो नव्याने बनवणाऱ्याने त्याचे कारण द्यायला हवे, असे मला मनापासून वाटते. परंतु ते कारण ओळखायचे कसे, हे मला नीट मांडता येत नाही. आपण कोणती कसोटी लावता आणि कोणत्या जोड्या सुचवाल? एखाद्या जोडीचा गोव्याशी संबंध असल्यास अधिक आनंद होईल.

साखळीकर

फोंडेकरबाब, माझी कसोटी एकच आहे. कथा ज्या समाजात घडते त्या समाजाचे नियम त्या कथेला घडवतात. ठिकाण किंवा काळ बदलला, तर नव्या ठिकाणचे नियम शोधून कथा त्यांच्यानुसार पुन्हा बांधण्याचे कष्ट दिग्दर्शकाने घेतले आहेत का, एवढेच मी पाहतो.

या कसोटीवर ‘सैराट’ (2016) आणि ‘धडक’ (2018) ही जोडी अवश्य दाखवावी, कारण रिमेक कोठे फसतो हे तीत स्पष्ट दिसते. ‘सैराट’मध्ये पाटलांचा मुलगा भर वर्गात शिक्षकाच्या कानशिलात लगावतो आणि कोणी काही करू शकत नाही. त्या एका प्रसंगातून त्या गावात सत्ता कोणाची आहे, शिक्षणाने ती का हलत नाही आणि त्याच्या बहिणीचे, आर्चीचे, मासेमारी करणाऱ्या घरातील मुलावर प्रेम बसणे म्हणजे काय, हे सारे प्रेक्षकाला न सांगता कळते. ‘धडक’ने कथा उदयपूरला नेली. राजस्थानात जातीची उतरंड नाही असे थोडेच आहे? ती तेथे तितकीच कठोर आहे आणि तिची स्वतःची रूपे, स्वतःची भाषा आहे. ती शोधण्याऐवजी चित्रपटाने जात एकदोन संवादांत उरकली आणि मुलीच्या वडिलांच्या निवडणुकीला व हवेल्यांच्या देखणेपणाला जागा दिली. ‘झिंगाट’ हिंदीत आले. ज्या मोकळेपणाची किंमत पुढे जिवाने मोजावी लागणार आहे तो मोकळेपणा मात्र आला नाही.

शेवटाचा बदलही चर्चेस घ्यावा. नागराज मंजुळे यांच्या चित्रपटात दोघेही मारले जातात आणि मागे त्यांचे लहान मूल उरते. हिंदीत नवरा आणि मूल जातात व मुलगी उरते. हा बदल मला मुळात चुकीचा वाटत नाही. उलट, जिच्या घराण्याच्या तथाकथित अब्रूसाठी हे घडले तिलाच जिवंत ठेवणे ही भयंकर आणि विचारपूर्वक केलेली कल्पना ठरू शकली असती, पण त्यासाठी आधीच्या दोन तासांत त्या अब्रूची घडण दाखवायला हवी होती. पाया घातलेला नसल्यामुळे शेवट केवळ धक्का देतो.

याच्या उलट टोकाला मेहबूब खान यांचे ‘औरत’ (1940) आणि ‘मदर इंडिया’ (1957) आहेत. दिग्दर्शक तोच, छायालेखक फरदून इराणी तेच, सावकार सुखीलालाच्या भूमिकेत दोन्ही वेळा कन्हैयालाल. मधल्या सतरा वर्षांत देश स्वतंत्र झाला होता. ‘मदर इंडिया’ सुरू होतो तो गावात आलेल्या कालव्याच्या उद्घाटनासाठी वृद्ध राधेला बोलावले जाते तेथून, आणि पुढची सारी कथा तिच्या आठवणीतून उलगडते. नव्या राष्ट्राची ही चौकट 1940 साली शक्यच नव्हती. आपलीच कथा पुन्हा सांगण्याचे एवढे सबळ कारण फार थोड्या दिग्दर्शकांना लाभले असेल.

मांडवीतीर

गोव्याशी संबंध असलेली जोडी हवी असेल, तर ‘दृश्यम’ टाळता येणार नाही. जीतू जोसेफ यांचा मूळ मल्याळम चित्रपट 2013 चा आणि निशिकांत कामत यांचा हिंदी चित्रपट 2015 चा. मधल्या काळात कन्नड, तेलुगू आणि तमिळ रूपे आली. पुढे सिंहली आणि चिनी भाषेतही ती कथा गेली. इतक्या भाषांत एखादी कथा का रुजते, याचा विचार केला तर असे दिसते की तिचा कणा सर्वत्र सारखाच आहे: पोलिसांपुढे दुबळे असलेले कुटुंब आणि त्याच्या प्रमुखाची चित्रपट पाहून तयार झालेली बुद्धी. तपशील मात्र प्रत्येक ठिकाणी नव्याने घडवावे लागतात, कारण कथेतील सारा बचाव तपशिलांवरच उभा आहे. मल्याळम चित्रपटातील जॉर्जकुट्टीचे ख्रिस्ती कुटुंब ध्यानशिबिराला जाते. हिंदीतील साळगावकर कुटुंब पणजीला सत्संगाला जाते. बसची तिकिटे, हॉटेलचे बिल, चित्रपटाची तिकिटे, भेटलेल्या माणसांच्या साक्षी हे सर्व त्या प्रवासावर अवलंबून असल्यामुळे कुटुंब कोठे आणि कशासाठी गेले, हे त्या भूमीत पटण्याजोगे असावेच लागते.

गोव्यात राहणाऱ्या मला या चित्रपटाबद्दल विशेष आपुलकी आहे. हिंदी चित्रपटांत गोवा म्हणजे बहुधा सुट्टी घालवण्याचे ठिकाण, किनारा आणि मद्य. येथे मात्र केबलचा व्यवसाय करणारा, घर, मुली आणि शेजारपाजार असलेला साधा माणूस आहे, आणि तो पणजीला मौजेसाठी जात नाही. आपला प्रदेश कोणाचे तरी घर म्हणून पडद्यावर दिसला, याचे श्रेय मी रिमेकला देतो, कारण मूळ कथेलाच एका घराची गरज होती.

तरीही साखळीकरांची कसोटी लावली, तर एक उणीव राहते. त्या गावातील माणसांच्या तोंडी कोकणी जवळजवळ नाही. पोलीस ठाण्यात, खानावळीत, बसमध्ये आपण ज्या सहजतेने कोकणीतून मराठीत आणि मराठीतून हिंदीत जातो, ती सहजता असती तर विजय साळगावकर येथला वाटण्यात काहीच कसर राहिली नसती.

कामत यांचीच दुसरी जोडीही पाहावी. ‘डोंबिवली फास्ट’ (2005) त्यांनी स्वतः तमिळमध्ये ‘एवनो ओरुवन’ (2007) या नावाने केला. मुंबईच्या लोकलमध्ये दररोज चिरडला जाणारा मध्यमवर्गीय चेन्नईत नेताना त्याच दिग्दर्शकाने काय राखले आणि काय सोडले, हे तुलनेने पाहणे उद्बोधक आहे.

म्हार्दोळची वाचक

आपण सर्वजण अन्य भाषांतून गोव्यात आलेल्या कथांबद्दल लिहीत आहात. गोव्यातून बाहेर गेलेली एक कथा आहे आणि तिची आठवण आपणच ठेवायला हवी. फ्रँक फर्नांड यांची निर्मिती व संगीत असलेला ‘निर्मोण’ हा कोकणी चित्रपट 1966 साली आला. इंग्रजी कवी टेनिसनच्या ‘इनॉक आर्डेन’ या काव्यावर तो आधारलेला आहे. समुद्रावर गेलेला पती परतत नाही, त्याला मृत मानले जाते, आणि पुढे तो येतो तेव्हा घर बदललेले असते. ज्या प्रदेशातील असंख्य पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बोटीवर नोकरीला गेले आणि ज्यांच्या बायका पत्रांची वाट पाहत राहिल्या, त्या प्रदेशात ही इंग्रजी कथा परकी वाटण्याचे कारणच नव्हते. दिग्दर्शक ए. सलाम यांनी लगेच 1967 मध्ये राजश्री या निर्मितीसंस्थेसाठी तीच कथा ‘तकदीर’ म्हणून हिंदीत केली. फरीदा जलाल यांचा तो पहिला चित्रपट, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. हिंदी चित्रपटाची गाणी आजही ऐकली जातात. त्याच्या मुळाशी एक कोकणी चित्रपट आहे, हे मात्र गोव्यातही अनेकांना ठाऊक नसते. रिमेक मूळ कृतीला प्रसिद्धी देतो असे म्हणतात, परंतु लहान भाषेच्या बाबतीत तो तिला झाकूनही टाकू शकतो. म्हणून आपल्या मंडळाने ही जोडी लावावी, असा माझा आग्रह आहे. ‘निर्मोण’ची चांगली प्रत मिळाली नाही, तर निदान त्यातील गाणी ऐकवावीत.

नाटकाचा विषय निघाला आहे म्हणून एक मुद्दा जोडते. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक 1967 चे. त्याचे संगीत मंगेशीच्या पंडित जितेंद्र अभिषेकींचे. 2015 साली सुबोध भावे यांनी त्यावर चित्रपट केला. वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब ज्यांनी रंगमंचावर पाहिले त्यांना दुसरे कोणी चालणार नाही, अशी भीती होती. चित्रपटाने ‘घेई छंद मकरंद’सारखी पदे जपली आणि शंकर-एहसान-लॉय यांच्याकडून नवी गाणीही करून घेतली. मला कथेतील काही बदल भडक वाटले आणि नाटकाचा संयम हरवल्याचे वाईट वाटले. तथापि, ज्या मुलांनी संगीत नाटक कधी पाहिले नव्हते ती अभिषेकीबुवांच्या चाली गुणगुणू लागली, हे मी आमच्या परिसरातील गायनवर्गांत प्रत्यक्ष पाहिले आहे. सोडून दिलेल्या संयमाची भरपाई त्यामुळे होते का, याचे उत्तर मला अद्याप मिळालेले नाही.

हिशेबनीस

व्यवहाराची बाजू थोडक्यात मांडतो. निर्मात्याला रिमेक सोयीचा वाटतो, कारण कथा एकदा प्रेक्षकांसमोर तावून सुलाखून निघालेली असते. ही सोय पूर्वी अधिक होती. मल्याळम किंवा तेलुगू चित्रपट मराठी प्रेक्षकापर्यंत पोहोचत नसे, म्हणून रिमेक हाच त्याच्यासाठी मूळ चित्रपट असे. आता उपशीर्षकांसह किंवा डबिंग केलेला मूळ चित्रपट घरातच पाहता येतो, आणि पणजीत तर 2004 पासून इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवामुळे परभाषेतील चित्रपट वाचत पाहण्याची आपल्याला सवय झाली आहे. 2022 साली ‘जर्सी’, ‘विक्रम वेधा’ आणि ‘लाल सिंग चड्ढा’ या हिंदी रिमेकना अपेक्षित प्रेक्षक मिळाला नाही, त्यामागे हे एक कारण निश्चित आहे. त्याच वर्षी ‘दृश्यम 2’ मात्र चालला, तेव्हा केवळ उपलब्धतेवर बोट ठेवूनही भागत नाही.

हुबेहूब नक्कल हा प्रकारही एकदा दाखवावा. हिचकॉकचा 1960 चा ‘सायको’ गस व्हॅन सँट यांनी 1998 मध्ये जवळजवळ प्रत्येक दृश्य तसेच ठेवून रंगीत केला. सारे तेच असूनही भीती का निर्माण होत नाही, यावर तुमच्या मंडळात तासभर चर्चा होईल.

फोंडेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. साखळीकरांची कसोटी मला पटली, आणि म्हार्दोळच्या बाईंनी लहान भाषेबद्दल मांडलेला मुद्दा आमच्या चर्चेत कोणाच्याच लक्षात आला नव्हता. जूनमध्ये ‘दृश्यम’ची जोडी दोन सलग रविवारी ठेवतो, ‘मदर इंडिया’ जवळजवळ तीन तासांचा असल्यामुळे ‘औरत’नंतर महिनाभराने दाखवू. ‘निर्मोण’च्या प्रतीसाठी जाणकारांकडे चौकशी सुरू करतो. एक शंका उरते: आमच्यापैकी बहुतेकांनी हिंदी ‘दृश्यम’ पाहिला आहे आणि मल्याळम पाहिलेला नाही. अशा वेळी आधी कोणता दाखवावा?

मांडवीतीर

आधी मल्याळम दाखवावा आणि हिंदी पुढच्या रविवारी. रहस्य सर्वांना ठाऊक असल्यामुळे कोणाचे लक्ष उलगड्यावर अडकणार नाही, आणि जॉर्जकुट्टीचे घर, त्याची जमीन व त्याची प्रार्थना नीट पाहिली जाईल. त्यानंतर साळगावकरांचे घर पाहताना प्रत्येक बदल आपोआप डोळ्यांत भरेल. प्रत्येकाने दोन्ही वेळा वही सोबत ठेवावी, एवढी विनंती.