चार विद्यापीठांची सायबर-जोखीम एकाच तक्त्यात कशी मांडायची?

तक्तेबाज

व्यवस्थापनासाठी तुलनात्मक टिपण करायचं आहे. संस्था चार: एक राज्य विद्यापीठ, एक खाजगी, एक अभिमत, आणि ज्यांच्याशी संशोधन-करार होऊ घातलाय ते अमेरिकेतलं एक विद्यापीठ. चौघांना पन्नास प्रश्नांची एकच प्रश्नावली पाठवली होती. खाजगीवाल्यांनी आयएसओ २७००१चं (माहिती-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं) प्रमाणपत्र जोडलं, अभिमतवाल्यांनी वेबसाइटचं 'सेफ टू होस्ट' (म्हणजे चढवायला सुरक्षित) प्रमाणपत्र, राज्य विद्यापीठाने निम्म्या प्रश्नांपुढे 'कार्यवाही सुरू आहे' लिहिलं आणि अमेरिकेतून जाडजूड धोरण-पुस्तिका आली.

'होय'ला २, 'अंशतः'ला १, 'नाही'ला ० धरून बेरीज केली, तर खाजगी पहिलं येतं आणि राज्य विद्यापीठ शेवटचं. हा क्रम जोखमीचा मानायचा का? नसेल तर रकाने कोणते घ्यावेत, आणि इकडचे-तिकडचे नियम एका ओळीत कसे बसवावेत?

कुंपणकर

हा क्रम कागदपत्रं कोणाची नेटकी, एवढंच सांगतो.

आयएसओ प्रमाणपत्रावर आधी व्याप्तीची ओळ वाचा. विद्यापीठांत ती बऱ्याचदा 'डेटा सेंटर व माहिती-तंत्रज्ञान विभाग' एवढीच असते. म्हणजे परीक्षा विभाग, वसतिगृहाचं वायफाय, एखाद्या विज्ञान विभागाने प्रकल्पाच्या पैशातून घेऊन कोपऱ्यात ठेवलेला सर्व्हर, सगळं कुंपणाबाहेर. २०२२च्या आवृत्तीच्या परिशिष्टात ९३ नियंत्रणं (सुरक्षेचे उपाय) आहेत. त्यातली कोणती लागू केली, कोणती वगळली आणि का, हे 'स्टेटमेंट ऑफ ॲप्लिकेबिलिटी'त असतं. ते मागा. प्रमाणपत्र अजून २०१३च्या आवृत्तीचं असेल तर बाजूला ठेवा, त्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ला संपली.

'सेफ टू होस्ट'ची व्याप्ती याहूनही लहान. एका वेब-ॲप्लिकेशनची, एका आवृत्तीची, त्या आठवड्यातली तपासणी. ती बहुतेकदा स्टेजिंग सर्व्हरवर, म्हणजे चाचणीसाठीच्या वेगळ्या प्रतीवर होते. लाइव्ह सर्व्हरवर तेच ॲप्लिकेशन चढवताना कोणी बॅकअपची झिप फाइल वेब-फोल्डरमध्ये विसरलं किंवा ॲडमिन पॅनेल जगाला उघडं ठेवलं, तरी प्रमाणपत्र शाबूत. त्यामुळे अहवालातला पत्ता आणि चालू पत्ता एकच आहे का, तपासणीनंतर किती वेळा कोड बदलला, हे दोन प्रश्न जोडा.

दुसरी गोम टक्केवारीच्या छेदाची. '९५ टक्के खात्यांना दुहेरी पडताळणी' (पासवर्डशिवाय ओटीपीसारखा दुसरा पुरावा) हे उत्तर आलं की विचारा, कशाचे ९५ टक्के? नियमित कर्मचाऱ्यांचे असतील, तर तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, निवृत्त शिक्षक, माजी विद्यार्थी आणि स्कॅनर-प्रिंटरसाठी काढलेली खाती हिशोबातच नाहीत. तासिका तत्त्वावरचं खातं सत्राच्या सुरुवातीला उघडतं आणि सत्र संपल्यावर बंद करायचं राहून जातं, कारण नेमणूक महाविद्यालयाची, खातं विद्यापीठाचं, आणि काम संपल्याचं पत्र आयटी विभागापर्यंत येतच नाही. रकान्यात टक्केवारीऐवजी तीन आकडे घ्या: एकूण चालू खाती, त्यातली दुहेरी पडताळणी असलेली, आणि ९० दिवसांत एकदाही न वापरलेली. तिसरा आकडा मोठा असेल तर पहिल्या दोघांवर विसंबू नका.

राज्य विद्यापीठाने 'कार्यवाही सुरू आहे' लिहिलं, हे मला तरी खरं उत्तर वाटतं. पन्नासच्या पन्नास 'होय' असलेल्या प्रश्नावलीची मी जास्त उलटतपासणी करेन.

लॉगबुक

कुंपणकरांशी सहमत. भारतातल्या तिघांसाठी एक चाचणी मात्र समान ठेवता येते, कारण सर्ट-इनचे (सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचे) २८ एप्रिल २०२२चे निर्देश तिघांनाही लागू आहेत. घटना लक्षात आल्यापासून किंवा कोणी लक्षात आणून दिल्यापासून ६ तासांत कळवणं, १८० दिवसांचे लॉग (यंत्रणांनी आपोआप केलेल्या नोंदी) भारतात ठेवणं, आणि यंत्रांची घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवणं.

'लॉग ठेवता का?' असं विचारलंत तर 'होय'च येणार. त्याऐवजी बरोबर १७० दिवसांपूर्वीची एक तारीख आणि वेळ द्या, आणि वसतिगृहाच्या अमुक सार्वजनिक आयपी पत्त्यावरून, अमुक पोर्टवरून तेव्हा कोण बाहेर गेलं होतं, ते काढून दाखवायला सांगा. यासाठी तीन ठिकाणचे लॉग जुळावे लागतात: फायरवॉलचं नॅट भाषांतर (त्या सार्वजनिक पत्त्यामागे आतला कोणता खाजगी पत्ता होता), पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीने तो खाजगी पत्ता कोणत्या उपकरणाला दिला, आणि वायफायचं लॉगिन तपासणाऱ्या रेडियस सर्व्हरवर त्या उपकरणाने कोणत्या नावाने लॉगिन केलं. नेहमीची मोडतोड अशी: फायरवॉलची आतली डिस्क भरून जुने लॉग पुसले गेलेले असतात, नॅटचे लॉग 'फार जागा खातात' म्हणून बंद केलेले असतात, किंवा एक यंत्र भारतीय वेळेत आणि दुसरं यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहीत असतं. साडेपाच तासांच्या त्या फरकाने भलत्याच विद्यार्थ्याच्या दारात नोटीस जाऊ शकते.

जागेचा हिशोबही मागा. सेकंदाला सरासरी २,००० नोंदी, प्रत्येकी ५०० बाइट, म्हणजे दिवसाला ८६.४ जीबी आणि १८० दिवसांना साधारण १५.५ टीबी. आठपट दाबून साठवले तर २ टीबीच्या आत-बाहेर. ज्यांच्याकडे लॉगसाठी ५०० जीबीची डिस्क आहे आणि उत्तर 'होय' आहे, त्यांना हा गुणाकार दाखवा.

इथेच पुढची सोय पाहून ठेवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा आहे, पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे मे २०२७. त्या नियमांत लॉग किमान एक वर्ष ठेवायचे आहेत. वरच्याच हिशोबाने ३१.५ टीबी, दाबून ४. डेटा फुटला तर डेटा संरक्षण मंडळाला आणि ज्यांचा डेटा गेला त्या प्रत्येकाला विनाविलंब कळवायचं, आणि मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा. सुरक्षेच्या उपायांत कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत.

६ तासांचं गणित तांत्रिक कमी आणि फाइलीचं जास्त आहे. शनिवारी रात्री नऊला खंडणीखोरांच्या हल्ल्यात सर्व्हर कूटबद्ध झाला (डेटा किल्लीविना वाचता येईनासा झाला), तर पत्रावर सही कोणाची? कुलसचिवांची हवी असेल आणि ते सोमवारी भेटणार असतील, तर नियम मोडलाच. सर्ट-इनकडे नोंदवलेल्या संपर्क अधिकाऱ्याला, वरची मंजुरी न घेता कळवण्याचा अधिकार लेखी दिला आहे का? रकाना हा घ्या.

परीक्षा भवन

वरचं सगळं बरोबर, पण जोखीम वर्षभर सारखी नसते हे तक्त्यात कुठे दिसणार? राज्य विद्यापीठात सगळ्यात मोठा धोका परीक्षेच्या यंत्रणेला, आणि त्याला तारीख असते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६नुसार निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावायचे असतात. २०१७ला मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिकांच्या ऑनलाइन तपासणीत निकाल महिनोन्‌महिने रखडले. तो हल्ला नव्हता, तरी एक यंत्रणा अडली की काय होतं त्याचा नमुना आहे. ईआरपी (प्रवेश ते निकाल सांभाळणारी संगणक-यंत्रणा) जानेवारीत तीन दिवस बंद राहणं आणि निकालाच्या आठवड्यात तीन दिवस बंद राहणं, यांना एकच गुण देऊ नका.

राज्य विद्यापीठाची आणखी एक अडचण: यंत्रणा विद्यापीठाची, पण ती वापरणारे शेकडो संलग्न महाविद्यालयांत बसलेले. प्रश्नपत्रिका ऑनलाइन येते, ओटीपी प्राचार्यांच्या मोबाइलवर येतो, प्राचार्य बैठकीत असतात, म्हणून ओटीपी फोनवर वाचून दाखवला जातो. अंतर्गत गुण भरायचं लॉगिन एकच, पासवर्ड तिघांना माहीत. गुण कोणी बदलले याची नोंद असते, पण 'कोणी' म्हणजे फक्त महाविद्यालयाचा कोड. खाजगी विद्यापीठात हा थरच नाही, त्यामुळे त्याचे गुण आपोआप जास्त येतात.

निकालानंतर बदललेल्या गुणांचा अहवाल डेटाबेसमधून थेट निघतो का, आणि तो डेटाबेस सांभाळणाऱ्या कंत्राटदाराशिवाय दुसरं कोणी पाहतं का, हे चौघांना विचारा.

पैलतीर

अमेरिकेच्या रकान्याबद्दल. तिकडे 'विद्यापीठांचा सायबर कायदा' असा एक नाही. पैसा कुठून येतो त्यावर नियम ठरतो, त्यामुळे एकाच आवारात चार नियम नांदतात.

विद्यार्थ्यांच्या नोंदींना १९७४चा फर्पा हा गोपनीयतेचा कायदा. त्यात तांत्रिक नियंत्रणांची यादी नाही, डेटा फुटल्यास कळवण्याचं बंधनही नाही. केंद्रीय शैक्षणिक कर्ज आणि मदत हाताळतात म्हणून ग्रॅम-लीच-ब्लायली कायद्याचा सेफगार्ड्स नियम लागतो. त्याच्या सुधारित तरतुदी ९ जून २०२३पासून: जबाबदार व्यक्ती नेमणं, दुहेरी पडताळणी, कूटबद्धीकरण, आणि सतत देखरेख नसेल तर वर्षातून एकदा पेनिट्रेशन टेस्ट (परवानगीने केलेला सरावाचा हल्ला) व दर सहा महिन्यांनी त्रुटींची तपासणी. १३ मे २०२४पासून, ५०० किंवा जास्त लोकांचा कूटबद्ध नसलेला डेटा गेला तर ३० दिवसांत फेडरल ट्रेड कमिशनला कळवायचं. रुग्णालय असेल तिथे हिपा, म्हणजे आरोग्य-माहितीचा कायदा.

तुम्ही संशोधन-करार करताय, तेव्हा खरा रकाना चौथा आहे. संरक्षण खात्याच्या पैशावर चालणाऱ्या संशोधनात संवेदनशील माहिती असेल तर निस्ट या अमेरिकी मानक-संस्थेच्या ८००-१७१ या प्रकाशनातली ११० नियंत्रणं लागतात. त्याचे गुण ११०पासून खाली मोजतात, प्रत्येक त्रुटीमागे १, ३ किंवा ५ वजा होतात आणि तळ उणे २०३ आहे. गुणपद्धत म्हणून ती मला तुमच्या २-१-०पेक्षा बरी वाटते, कारण दुहेरी पडताळणी नसणं आणि एखादं कागदपत्र नसणं यांचं वजन तिथे सारखं नाही.

पण गुण कोणत्या यंत्रणेचे, हा प्रश्न तिथेही आलाच. जॉर्जिया टेकने २०२५मध्ये ८,७५,००० डॉलर देऊन दावा मिटवला, चूक मान्य न करता. सरकारचा आरोप असा होता की संपूर्ण आवाराच्या नावाने दिलेला ९८ हा गुण प्रत्यक्षात नसलेल्या यंत्रणेचा होता, आणि संशोधन जिथे चाललं होतं त्या प्रयोगशाळेत अँटीव्हायरसही बसवलेला नव्हता. पेन स्टेटने २०२४मध्ये साडेबारा लाख डॉलर भरले ते असल्याच आरोपांवरून. तेव्हा भागीदाराकडून धोरण-पुस्तिका नको. तुमचा प्रकल्प ज्या यंत्रणेत चालणार तिचा सुरक्षा-आराखडा आणि तिचे गुण मागा.

तक्तेबाज

सर्वांचे आभार. व्याप्तीचा रकाना घातला आणि बेरीज काढून टाकली. आता अडचण अशी की व्यवस्थापनाला एकच आकडा हवाय. दुसरं, उत्तरांची शहानिशा करायला आम्ही बाहेरून स्कॅन चालवू का?

कुंपणकर

स्कॅन अजिबात नको. परवानगीविना दुसऱ्याच्या यंत्रणेवर स्कॅनर चालवलात तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६च्या कचाट्यात तुम्हीच सापडाल. जे सार्वजनिक आहे तेवढंच बघा. डोमेनच्या डीएनएस नोंदींत एसपीएफ आणि डीमार्क (त्या डोमेनच्या नावाने येणारे बनावट मेल ओळखण्याचे नियम) आहे का. डीमार्क असूनही धोरण 'नन' (बनावट मेल अडवू नका) असेल तर कुलसचिवांच्या नावाने कोणीही मेल पाठवू शकतो. वेबसाइटच्या एचटीटीपीएस प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक नोंदीत त्या डोमेनखाली किती उपडोमेन दिसतात. २०१४च्या परिषदेची वेबसाइट अजून जिवंत असेल तर तिची देखभाल कोण करतं, विचारा. आणि सर्च इंजिनमध्ये शोध त्यांच्या डोमेनपुरता मर्यादित ठेवून जुगाराचे शब्द टाका. एसी डॉट इनवरच्या विसरलेल्या पानांवर सट्टेबाजीच्या जाहिराती घुसवणं हा नित्याचा प्रकार आहे. त्यातून थेट नुकसान फार होत नाही, पण तिथे फाइल लिहिता येते एवढं सिद्ध होतं.

लॉगबुक

एकच आकडा द्यायचाच असेल तर तासांत द्या. 'परीक्षेचा मुख्य डेटाबेस पूर्ण गेला, तर बॅकअपवरून चालू करायला किती तास, आणि किती तासांचं काम वाया?' तोंडी उत्तर नको, शेवटच्या प्रत्यक्ष चाचणीची तारीख आणि लागलेला वेळ हवा. चाचणी झालीच नसेल तर रकान्यात 'अज्ञात' लिहा आणि क्रमवारीत ते सगळ्यात खाली धरा.

बॅकअपची एक प्रत जाळ्याबाहेर आहे का, हेही त्याच ओळीत. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात ऑक्टोबर २०१९मध्ये फिशिंगचे मेल उघडले गेले आणि २३ डिसेंबरला २६७ विंडोज सर्व्हर कूटबद्ध झाले. काही महत्त्वाच्या यंत्रणांचे बॅकअप त्याच जाळ्यात जोडलेले होते, तेही गेले. शेवटी ३० बिटकॉइनची खंडणी मोजली. बॅकअपच्या सर्व्हरवर बाकीच्या सर्व्हरांच्याच (डोमेनच्या) ॲडमिन खात्याने लॉगिन होत असेल तर तो बॅकअप धरू नका.

भारतातलं उदाहरण हवं असेल तर दिल्लीचं एम्स, नोव्हेंबर २०२२: पाच सर्व्हर, सुमारे १.३ टीबी डेटा, आणि सरकारने संसदेत दिलेलं कारण म्हणजे नेटवर्कची अयोग्य विभागणी. विभागणीची तपासणी दहा मिनिटांची आहे, पण ती त्यांच्याच माणसाने, त्यांच्या परवानगीने करायची: वसतिगृहाच्या वायफायवर लॅपटॉप जोडून परीक्षा विभागाच्या सर्व्हरचे ४४५ (फाइल-शेअरिंग) आणि ३३८९ (रिमोट डेस्कटॉप) हे पोर्ट उघडतात का बघायचं. उघडले तर बाकीचे रकाने कितीही हिरवे असोत, ही ओळ लाल.

परीक्षा भवन

आणि ही तपासणी परीक्षेच्या आठवड्यातही करायला सांगा. 'तात्पुरतं' म्हणून उघडलेले फायरवॉलचे नियम त्याच आठवड्यात जन्माला येतात.