अनुभव धागा: समुपदेशनाचा गुण आला नाही तेव्हा

समुपदेशनानं बरं झालेले लोक सांगतात. ज्यांना गुण आला नाही ते गप्प राहतात; वरून "तुमचंच मन नसेल" हेही ऐकून घेतात. यवतमाळ-वर्धा-वाशीमकडच्यांनी लिहा. दवाखान्यांची, डॉक्टरांची नावं नकोत.

सुरुवात मीच करते. बाळंतपणानंतर रडू थांबेना. तीन वेळा एसटीनं यवतमाळला गेले. तिथल्या ताई भल्या होत्या, पण दर वेळी सांगायच्या, "रोज अर्धा तास फक्त स्वतःसाठी काढा." दोन खोल्यांचं घर, अंगावरचं पोर, दारात गाय. तो अर्धा तास मला मिळाला एसटीतच. चौथ्यांदा गेले नाही.

*

बोंडअळीचं साल, २०१७. कापूस गेला, माही झोपही गेली. बायकोनं जबरीनं नेलं. मॅडमपाशी कागद होता. झोप येते का, भूक लागते का, जीव द्यावा वाटते का? बायको बाजूलेच बसली होती. तिच्यासमोर काय सांगू? नाही म्हनलं. मॅडमनं 'नाही' लिवून घेतलं. दहा मिन्टात बाहेर. खोटं मीच बोललो, त्यायचा काय दोष? पन तिले बाहेर बसा म्हनले असते तं...

*

ऑनलाइन घेतलं. नेटवर्क फक्त गच्चीवर. बाजूच्या गच्चीवर काकू पापड वाळवत. झालं माझं समुपदेशन.

*

मी शिक्षिका. नवऱ्याच्या दारूबद्दल समुपदेशकाला सांगितलं ते आठवड्यात जावेच्या माहेरी पोचलं. तालुक्याच्या गावात सगळेच कोणाचे ना कोणाचे पाहुणे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम २३ गोपनीयतेचं आहे, हे नंतर वाचलं. तोवर माझ्या गोळ्यांचा रंगही जावेला पाठ झाला होता. आता कोणाशी बोलायचं तर आधी त्याचं गाव विचारते.

*

बोंडअळीवाले दादा, आता कसे आहात? तुम्ही पुढचं लिहिलंच नाही.

*

लिवतो. मांगच्या साली रात्री १४४१६ लावला, टेलिमानसचा, म्हंजे मनाच्या तरासासाठी सरकारचा फोन हाय तो. फुकट हाय, रातचाही लागते. बायको झोपली होती, मी गोठ्यात. तिकडच्या बाईनं पयले विचारलं, "आत्ता जवळ कोणी आहे का?" म्हनलं, बैल हायेत. हासली ते. मंग बोललो.