‘बोके’साठी मराठी शब्द: धूसर, पुसट की विरलेली पार्श्वभूमी?

प्रश्न: ठाण्यात येऊरच्या पायथ्याशी आमची इमारत आहे आणि मागच्या आवारातल्या शेवग्यावर शिंजीर, दयाळ व लालबुड्या बुलबुल नेमाने येतात. मी त्यांची छायाचित्रे काढायला नुकतीच सुरुवात केली आहे. पक्षी रेखीव आणि मागची पाने, कुंपण एकमेकांत मिसळून गेलेली, अशा परिणामाला छायाचित्रकार ‘बोके’ म्हणतात. पण मराठी कानाला त्यातून मांजराचे बोकेच ऐकू येतात. ‘धूसर पार्श्वभूमी’ म्हणणे योग्य ठरेल का?

उत्तर: हा शब्द जपानी आहे. ‘बोकेरु’ म्हणजे अस्पष्ट होणे, आणि म्हातारपणीच्या विस्मरणालाही तिथे ‘बोके’ म्हणतात. इंग्रजीत तो रुळला तो 1997 मध्ये ‘फोटो टेक्निक्स’ या अमेरिकी मासिकातील लेखांमुळे. पार्श्वभूमी किती अस्पष्ट झाली, यापेक्षा ती अस्पष्टता दिसायला कशी आहे, हे त्यातून सांगायचे असते. म्हणून आपल्याला एक नव्हे, दोन शब्द लागतील.

‘अस्पष्ट’ मी टाळेन, कारण ‘फोटो हलला’, ‘फोकस चुकला’ यांसारखा दोष त्यातून ध्वनित होतो. पाटीवरची अक्षरे पुसट होतात, म्हणजे आधी ती ठळक होती. अंधुक ते, जिथे उजेड कमी. ‘धूसर’ मात्र मला सर्वांत जास्त खटकतो. त्याचा मूळ अर्थ धुळीच्या रंगाचा, करडा असा आहे, आणि आपल्या चित्रात तर शेवग्याचा हिरवा रंग पूर्ण शाबूत असतो, फक्त पानांच्या कडा नाहीशा झालेल्या असतात. ढग विरतो, आवाज विरत जातो, वापरून वापरून लुगडे विरते. या सगळ्यांत हळूहळू कडा सुटत जाण्याची जी कल्पना आहे, ती इथे नेमकी बसते. म्हणून ‘विरलेली पार्श्वभूमी’, आणि तिच्या गुणासाठी ‘पोत’: मऊ पोत, खरखरीत पोत. पानांच्या फटींतला उजेड चित्रात गोल होऊन उमटतो, त्याला काही जण ‘कवडसे’ म्हणतात. पण कवडसा जमिनीवर किंवा भिंतीवर पडतो, त्यामुळे इथे ‘उजेडाच्या चकत्या’ म्हणणे मला बरे वाटते.

आणखी एक गोष्ट, कारण आपण शिकत आहात. पार्श्वभूमी विरते ती केवळ महागड्या भिंगामुळे नव्हे. 300 मिमीचे, म्हणजे दूरचे जवळ आणणारे भिंग एफ/5.6 वर, म्हणजे त्याचे छिद्र बरेच उघडे ठेवले तरी भिंतीला टेकून बसलेल्या दयाळामागची भिंत विरणार नाही. तोच पक्षी पुढच्या फांदीवर, आपल्यापासून जवळ आणि कुंपणापासून बराच लांब असला, तर कुंपण सहज विरेल. पहिल्या मजल्याच्या बाल्कनीतून खाली रोखून काढलेल्या चित्रात बहुधा पक्ष्यामागे लगेच जमीन येते, म्हणून खाली उतरून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आज सकाळी आवारात खाली बसून काढलेल्या चित्राखाली मी असे लिहिले आहे: ‘शेवग्यावरचा दयाळ, कुंपण पूर्ण विरलेले, डावीकडच्या चकत्यांचा पोत थोडा खरखरीत.’ चकत्यांना ‘पोत’ लावलेला चालेल का, एवढेच आता विचारायचे आहे.