कॅफिन आणि ॲडिनोसिन: फ्रेडहोम यांनी नेमकं काय केलं?

सायली_एमफार्म
सेमिनारला ॲडिनोसिन रिसेप्टर (पेशीवरच्या, ॲडिनोसिनचा निरोप घेणाऱ्या जागा) घेतलेत, गाईड म्हणाले स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटचे औषधशास्त्रज्ञ बर्टिल फ्रेडहोम वाचल्याशिवाय उभी राहू नकोस. पण माझ्या बीफार्मच्या नोट्समध्ये कॅफिन फॉस्फोडायस्टरेज हे एन्झाइम अडवतं, मग ते एरवी जे तोडतं ते सायक्लिक एएमपी (पेशीच्या आतला निरोप्या) वाढतं, म्हणून तरतरी येते असं आहे. मग ॲडिनोसिन मध्येच कुठून आलं? पेपर वाचून डोक्याचा भुगा झालाय.

जुना_खलबत्ता
नोट्स अगदीच खोट्या नाहीत गं, पण डोस बघ ना. फॉस्फोडायस्टरेज नीट अडवेल एवढं कॅफिन रक्तात चढवलं तर माणूस आधी दवाखान्यात जाईल. दोन-तीन कप कॉफीत जेवढं चढतं तेवढ्यात ॲडिनोसिनचे ए१ आणि ए२ए हे दोन प्रकारचे रिसेप्टर मात्र चांगलेच अडतात, आणि हाच मुद्दा फ्रेडहोमनी १९८० च्या सुमारास लावून धरला. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं कॅफिन. जागा अडली, पण रुमाल काही प्रवास करत नाही.

रात्रपाळी
म्हणजे चहा स्वतःहून तरतरी देतच नाही??

जुना_खलबत्ता
नाही, झोपेचा निरोप अडवतो फक्त. जागं असताना मेंदूत ॲडिनोसिन साठत जातं, त्याचा निरोप पोचला की पेंग येते. सायली, २००५ चा उंदरांवरचा पेपर सोडू नकोस, फ्रेडहोम त्यात सहलेखक आहेत. ए२ए नसलेल्या उंदरांना कॅफिन दिलं तरी ते जास्त जागले नाहीत, ए१ नसलेले मात्र जागले. माझ्या मते सगळ्या वादात याहून सरळ पुरावा नाही.

कार्डिॲक_सिस्टर
आमच्याकडे हेच रोज दिसतं. ॲडिनोसिन देऊन हृदयाची स्ट्रेस टेस्ट करायची असेल तर आधी चहा-कॉफी बंद, तरी कोणीतरी "अर्धाच कप घेतला हो" म्हणतं आणि मग तारीख पुढे. दम्यासाठी थिओफायलिन घेणाऱ्यांचंही तेच, ते औषधही रिसेप्टर अडवतं. एसव्हीटीत (हृदयाचे ठोके एकदम खूप वाढतात तेव्हा) ॲडिनोसिन ६ एमजी शिरेत झटकन ढकलतो आणि लगेच सलाईन, कारण दहा सेकंदांच्या आत निम्मं औषध रक्तातून गेलेलं असतं. मॉनिटरवर क्षणभर रेघ सपाट होते, नवीन पोरी घाबरतात.

सायली_एमफार्म
भारीच! एसव्हीटीत ए१ ना?

जुना_खलबत्ता
हो, एव्ही नोडमधला, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत ठोक्याचा संदेश जातो त्या जागेतला. स्ट्रेस टेस्टला ए२ए, तिथे कोरोनरी (हृदयाच्या रक्तवाहिन्या) रुंदावतात. आणि ए२बी, ए३ या उरलेल्या दोन प्रकारांची एक तरी स्लाईड टाक, एक्स्टर्नल तिथेच पकडतो.