मोल शिकवताना डझनाची उपमा सोडून द्यावी का?

नववीची_आई: 'द्रव्याचे मोजमाप' हा धडा शाळेत संपला. त्यात मोल, म्हणजे अणू-रेणूंसारखे कण मोजायचं रसायनशास्त्रातलं एकक, डझनाच्या उपमेने शिकवतात: डझनात जसे ठरलेले नग, तसे मोलमध्ये ठरलेले कण. परवा लेकीच्या वहीत हे वाक्य सापडलं: 'साखरेच्या एका मोलमध्ये पाण्याच्या एका मोलपेक्षा जास्त रेणू असतात, कारण साखर 342 ग्रॅम आणि पाणी 18 ग्रॅम.' त्याच पानावर वर छान अक्षरात 'डझन म्हणजे 12, मोल म्हणजे 6.022 × 10²³' हेही लिहिलेलं! म्हणजे डझन पाठ होता, पण उपयोगी पडला नाही.

माझं मत असं की डझन बाजूला ठेवा आणि आधी तराजू काढा. केळी आपण मोजून घेतो, रेणू कुणालाच मोजता येत नाहीत, ते तोलावे लागतात. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर औषधाच्या टोपणात 18 ग्रॅम पाणी घेतलं आणि शेजारी पातेल्यात 342 ग्रॅम साखर. 'दोन्हींत रेणू तितकेच' म्हटल्यावर ती टोपणाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे साखरेचा एकेक रेणू 19 पट जड?" वहीतली चूक तिची तिनेच खोडली.

खडू_फळा: बावीस वर्षं नववी-दहावीला शिकवतोय. तुमचा प्रयोग आवडला, पण निष्कर्ष पटत नाही. 2 मोल हायड्रोजन आणि 1 मोल ऑक्सिजन मिळून 2 मोल पाणी होतं. दरवर्षी कुणीतरी विचारतं, "सर, तीनाचे दोन झाले, एक मोल गेला कुठे?" तराजू सांगेल 4 आणि 32 मिळून 36 ग्रॅम, हिशोब जुळला. पण मुलाची शंका तिथेच राहते. रेणू तुटले, अणू नव्याने जुळले, अणू तेवढेच राहिले, रेणू कमी झाले, हे संख्येच्या भाषेतच सांगावं लागतं. शिवाय मे 2019 पासून मोलची व्याख्याच संख्येवर आहे: नेमके 6.02214076 × 10²³ कण. '12 ग्रॅम कार्बन-12 मध्ये जितके अणू, तितके कण' हा जुना आधार व्याख्येतून गेला. मग आपण उलटे का जायचं?

नववीची_आई: सर, व्याख्या आणि शिकण्याचा क्रम एकच असायला हवा का? सारख्या तापमान-दाबाला वायूंच्या सारख्या आकारमानात रेणू सारखेच असतात, हे गृहीतक इटालियन शास्त्रज्ञ ॲव्होगॅड्रोने मांडलं 1811 मध्ये, तो वारला 1856 मध्ये, आणि मोलमधल्या कणांचा हा अंक त्याने स्वतः कधी काढलाच नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ पेरँने त्याचं नाव अंकाला दिलं ते 1909 मध्ये. मधल्या काळात रसायनशास्त्रज्ञ अंक नक्की माहीत नसताना वजनांवर बिनचूक हिशोब करत होते. मुलांनाही त्याच वाटेने जाऊ द्या.

क्लासवाला: परीक्षेत 'दिलेले वस्तुमान भागिले रेणुवस्तुमान' एवढंच लागतं. आधी ते घोटून घ्या, अर्थ अकरावीत आपोआप उमगतो.

खडू_फळा: नाही उमगत. अकरावीतली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा 'ऑक्सिजनचा मोल 16 ग्रॅम की 32?' इथेच अडलेली असतात. अणूंचा मोल की रेणूंचा, हे विचारायची सवयच नसते. सूत्र घोटल्याने ती लागत नाही.

हार्डवेअर_गल्ली: मी शिक्षक नाही, दुकानदार आहे. आमच्याकडे नट-बोल्ट मोजत नाहीत, तोलतात. 4 ग्रॅमचा नट, 12 ग्रॅमचा बोल्ट, 100 जोड्या हव्यात तर 400 ग्रॅम नट आणि 1200 ग्रॅम बोल्ट. वजनं वेगळी, नग सारखे.

नववीची_आई: हेच! केळ्यांच्या डझनात तराजू लागतच नाही, इथे तोलल्याशिवाय मोजणंच नाही.

खडू_फळा: नटांचं मान्य. सोमवारी कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव किलो नट आणि पाऊण किलो बोल्ट आणतो. पण फळ्यावर पहिला प्रश्न मी 'किती नग?' हाच लिहिणार, वजन त्यानंतर.