पूरग्रस्तांसाठी ट्रक भरतोय, काय पाठवू आणि वाटप कसं करू?

नवा स्वयंसेवक:
आमच्या गटाने मदत गोळा करायला घेतली आणि प्रतिसाद जोरात आहे. कपड्यांचे ढीग लागलेत. दुधाची पावडर, घरात उरलेल्या गोळ्याही लोक आणून देताहेत. ट्रक ठरलाय. तिथे पोचल्यावर वाटप कसं करायचं, कुणी सांगेल का?

गोदामताई:
आधी फोन, मग ट्रक. निवारा केंद्रांची यादी कुणाकडे आहे ते शोधा आणि त्यांना आज काय कमी पडतंय ते विचारा.

कपडे घेणं आजच थांबवा, कळकळीने सांगते. मी मदतीच्या गोदामात काम केलंय. न निवडलेलं गाठोडं आलं की एकेक कपडा उलगडून बघावा लागतो, त्यात माणसं अडकतात आणि पाण्याची गाडी फाटकाबाहेर ताटकळते. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत जुने कपडे रस्त्याकडेला टाकून दिलेले होते. नवी अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, चादरी मात्र लागतात, आणि नेमकं तेच कुणी आणत नाही.

दुधाची पावडर सरसकट वाटू नका. दूषित पाण्यात कालवली की तान्ह्या बाळाला जुलाब होतात. अंगावर पाजणाऱ्या आईला निवांत आडोसा आणि पोटभर जेवण द्या. ज्या बाळाला वरचंच दूध लागतं, त्याची सोय आरोग्य पथक करेल. उरलेल्या गोळ्या तर नकोच. दान केलेली औषधं तिथे पोचल्यानंतर त्यांची मुदत किमान एक वर्ष उरलेली असावी, असं जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

प्रत्येक खोक्यावर आत काय आणि किती ते ठळक लिहा. एका खोक्यात एकच वस्तू.

पाणी-स्वच्छतावाला:
ताईंशी सहमत. आकड्यांसाठी 'स्फिअर' मानकं (आपत्तीतल्या मदतीसाठीची आंतरराष्ट्रीय किमान मानकं) बघा: माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी आणि २० माणसांमागे एक शौचालय. बायकांची शौचालयं वेगळी, आतून कडी आणि रात्री उजेड हवाच. तो नसला तर बायका संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. पाण्यात क्लोरीन टाकून अर्धा तास थांबा आणि उरलेलं क्लोरीन तपासा. गढूळ पाणी आधी निवळू द्या, नाहीतर क्लोरीन गाळातच खर्ची पडतं.

नवा स्वयंसेवक:
खूप आभार. कपडे थांबवतो. रांगेत रेटारेटी झाली तर?

गोदामताई:
ट्रकवरून वस्तू फेकायच्या नाहीत. धडधाकट तरुण पुढे घुसतात, म्हातारी माणसं आणि गरोदर बायका मागे राहतात. आदल्या दिवशी तंबूतंबूत जाऊन कुटुंबांची नोंद करा, टोकन द्या, वेळा वाटून द्या. एका कुटुंबाला काय मिळणार ते फळ्यावर लिहा आणि मोठ्याने वाचूनही दाखवा. लोकांना आकडा माहीत असला की संशय कमी होतो. ज्यांना चालता येत नाही त्यांच्या तंबूत नेऊन द्या. कुणी वस्तीच्या कडेला वेगळं राहत असेल तर त्यांचं नाव यादीत आहे का, ते स्वतः जाऊन बघा. सगळ्यात आधी तीच नावं सुटतात.

आणि जवळचा बाजार सुरू झाला असेल तर पुढच्या खेपेला ट्रक नको, पैसे द्या. कुणाला पातेलं हवं असतं, कुणाला चष्मा; ते आपल्या यादीत कधीच नसतं. उद्या फोन झाला की तिथे काय कमी आहे ते इथे लिहा, खोक्यांची यादी मी बघून देते.